जाहिरातीत काय लिहायचं, दादा?

मी सोलापुरातील एका पतसंस्थेत कारकून आहे. बी.कॉम. झालो त्याला पंचवीस वर्षे होत आली. दिवसभर व्हाउचरे, पावत्या आणि थकबाकीदारांना नोटिसा लिहायच्या, आणि संध्याकाळी वस्तीतली कामे करायची. कुणाचे रेशनकार्ड असते, कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज असतो, कुणाचा दाखला अडलेला असतो. लिहिता येते म्हणून लोक दारात येतात. वडील गिरणीत कामाला होते, ते म्हणायचे, "आपल्याला अक्षर मिळालं ते दुसऱ्याचा अर्ज लिहायला मिळालं, हे विसरू नको." म्हणून मी कुणाला नाही म्हणत नाही.

पण तीन-चार वर्षांपूर्वी असे एक लिखाणाचे काम माझ्याकडे आले, की तिथे माझी सगळी कारकुनी उघडी पडली. ती हकिकत आज सांगतो. हल्ली घराघरातील भगिनी मोबाईलवरून काहीतरी विकण्याच्या धडपडीत असतात, त्यांना तिचा उपयोग होईल असे वाटते.

2020 च्या टाळेबंदीत आमच्या वस्तीतील बऱ्याच बायकांची धुण्याभांड्याची आणि स्वयंपाकाची कामे सुटली. काहींना ती परत मिळालीच नाहीत. पुढच्या वर्षी त्यांतल्या दहा जणींनी बचत गट काढला. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि जवसाची चटणी, एवढाच माल. पहिले वर्ष ओळखीपाळखीवर गेले. मग माझ्या मुलीने त्यांना व्हॉट्सॲपवर गटाचे दुकान उघडून दिले. तिथे वस्तूचा फोटो टाकायचा, किंमत टाकायची आणि खाली चार ओळी लिहायच्या. फोटो झाले, किंमत झाली, खालची जागा मात्र रिकामी राहिली. तेव्हा गटाच्या अध्यक्षा असलेल्या वहिनी घरी आल्या आणि म्हणाल्या, "दादा, तुमी बी.कॉम. हाय. जाहिरातीत काय लिवायचं तेवढं सांगा."

त्यात काय एवढे, असे म्हणून मी दहा मिनिटांत लिहून दिले: "सदर बचत गटामार्फत उत्पादित करण्यात येणारी शेंगा चटणी ही उत्कृष्ट दर्जाची असून तरी सर्व ग्राहकांनी तिचा लाभ घ्यावा ही नम्र विनंती."

पंधरा दिवसांत तीन मागण्या आल्या. त्यांतल्या दोन माझ्या मेहुण्याच्या होत्या. मुलगी हसून म्हणाली, "पप्पा, ही जाहिरात नाही, नोटीस आहे. वाचून माणूस घाबरेल, चटणी कशी घेईल?"

मला राग आला. पण मी इतरांच्या जाहिराती पाहू लागलो. सगळीकडे मोठमोठे शब्द होते. नंबर एक, शंभर टक्के शुद्ध, आरोग्याचा खजिना. मनात म्हटले, लोकांना हेच हवे असेल तर हेच देऊ. जवसाच्या चटणीखाली मी लिहिले, "मधुमेह आणि हृदयविकारावर रामबाण! रोज एक चमचा खा, डॉक्टरला विसरा!" ही ओळ माझी नव्हती, दोन-तीन ठिकाणांहून जोडलेली होती. पण मागण्या वाढल्या. महिन्याभरात जवसाची चटणी शेंगा चटणीच्या पुढे गेली. वहिनींनी घरी पेढे आणले. मीही फुगलो.

आणि मग एका दुपारी गटाच्या फोनवर लातूरहून एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. वहिनींनी तो मला जोडून दिला. बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमची चटणी चालू केली. आठ दिवस झाले, शुगरची गोळी अर्धीच घेते. आता सगळी बंद केली तर चालंल का?"

माझ्या हातातले पेन खाली पडले. मी म्हणालो, "आई, गोळी बंद करू नका. पूर्ण घ्या, आजच घ्या. ती चटणी आहे, औषध नाही." त्या म्हणाल्या, "पण तुमीच लिवलंय की रामबाण म्हणून." त्यावर मला उत्तर नव्हते.

चार दिवसांनी मी त्यांना फोन केला, तर त्यांच्या मुलाने उचलला. आईची साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पूर्ण चालू केल्या होत्या. तो मला खूप बोलला. मी ऐकून घेतले. त्याचे चुकले नव्हते. दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. मी ते तोंडाने म्हणत होतो आणि सोमवारी मोबाईलवर उलट लिहीत होतो. वाचक बंधू-भगिनींनो, हे सांगताना मला आजही संकोच वाटतो. पण माझी चूक सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

त्या रात्री तो मजकूर काढून टाकला आणि मी ठरवले की आता अंदाजाने लिहायचे नाही. पतसंस्थेत कर्जाचे प्रकरण करताना आधी नियम बघतो, तसे इथेही बघायचे. कळत गेले तसे डोके गरगरू लागले. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. त्यात खाद्यपदार्थाच्या फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिराती आणि दाव्यांविषयीचे वेगळे नियम 2018 साली निघाले. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो किंवा टळतो असे म्हणता येत नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. 'घरगुती' या साध्या शब्दानेसुद्धा गिऱ्हाइकाचा खोटा समज होत असेल तर तो वापरता येत नाही. कारखान्यात केलेला माल घरगुती म्हणून विकायचा नाही, असा त्याचा अर्थ. आमचा माल खरोखर वहिनींच्या घरातच होतो, पण तेव्हापासून आम्ही 'घरगुती' लिहिण्याऐवजी 'आमच्या गटातील दहा जणी हाताने करतात' असे लिहितो. ते जास्त खरे आहे, आणि गिऱ्हाइकाला जास्त कळते.

काय लिहायचे नाही हे असे कळले. पण काय लिहायचे, हा वहिनींचा प्रश्न तसाच राहिला होता. त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते सापडले आमच्याच फोनच्या वहीत.

झाले असे, की हिशेबाची सवय म्हणून मी वहिनींना एक वही दिली होती. तिच्यात कुणाचा फोन आला, काय मागितले, पैसे आले की नाही, याची नोंद करायची. वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी मागणीबरोबर गिऱ्हाईक काय विचारते तेही लिहून ठेवले होते. एका रविवारी आम्ही ती वही घेऊन बसलो. त्यात हे लिहिलेले होते: "लई तिखट आहे का, घरात लहान लेकरू आहे." "भाकरी पोस्टाने मोडून येती का." "लसूण आहे का." "किती दिवस टिकती." "तेल वरून घालता का." "टपालाचे पैसे वेगळे का त्यातच." "पाव किलो किती माणसांना पुरती." तेच तेच सात-आठ प्रश्न, माणसे वेगळी.

मी वहिनींना म्हणालो, "तुमची जाहिरात तुम्ही आधीच लिहून ठेवली आहे. या प्रश्नांची खरी उत्तरे एकाखाली एक लिहायची, झाला मजकूर." त्यांना पटेना. "एवढंच? मोठं काय तरी नको का?" मी म्हणालो, "मोठं लिहून बघितलं ना."

सांगायचा मुद्दा असा. दुकानात गिऱ्हाईक माल हातात घेते, वास घेते, चिमूटभर तोंडात टाकते आणि दुकानदाराला विचारते. मोबाईलवर ते यातले काहीच करू शकत नाही. त्याचे डोळे, नाक, जीभ आणि त्याचे प्रश्न, या सगळ्यांचे काम आपल्या त्या चार ओळींना करायचे असते. म्हणून 'उत्कृष्ट' शब्दाचा त्याला काही उपयोग नाही. 'तिखट आहे, लहान मुलाला द्यायची तर दह्यात कालवून द्या,' याचा आहे.

त्यानंतर आमच्या मजकुराची बातमी आजूबाजूच्या गटांत गेली. दर महिन्याला विहारात महिला मंडळाची बैठक झाली की पाच-सात भगिनी मागे थांबतात आणि विचारतात. विचारतात तेही ठरावीकच असते. माझी उत्तरे थोडक्यात देतो.

पहिला प्रश्न, किती लांब लिहायचे? माझे उत्तर, प्रश्न संपेपर्यंत. पण मोबाईलवर आधी दोनच ओळी दिसतात, बाकीच्या 'पुढे वाचा'च्या मागे दडतात. म्हणून पहिल्या दोन ओळींत वस्तूचे नाव, वजन, किंमत आणि एक खास गोष्ट आलीच पाहिजे. बुद्धवंदना नाही की ओळीने म्हणायची. ज्याला घाई आहे त्याला वरच सगळे मिळाले पाहिजे.

दुसरा प्रश्न, भाषा कुठली? गिऱ्हाईक ज्या भाषेत विचारते ती. आमची निम्मी गिऱ्हाइके पुण्या-मुंबईला राहणारी सोलापूरकडची माणसे आहेत. ती 'शेंगदाणा चटणी' म्हणत नाहीत, 'शेंगा चटणी' म्हणतात. मग आपणही तेच लिहायचे. मोठ्या विक्रीच्या साइटवर माल टाकायचा असेल तर वस्तूचे नाव रोमन अक्षरांतही घालावे, कारण पुष्कळ लोक मराठी नावही त्याच अक्षरांत शोधतात. गोंडस नाव शोधत बसू नये. एका गटाने चटणीला 'स्वादगंध' नाव दिले होते. ते कोण शोधणार? शोधणारा 'चटणी' शोधतो.

तिसरा प्रश्न, किंमत लिहायची की 'किंमतीसाठी मेसेज करा' म्हणायचे? लिहायची. गरीब माणूस किंमत विचारायला लाजतो आणि न विचारता निघून जातो. मी स्वतः असा अनेक दुकानांच्या पायऱ्यांवरून परतलो आहे. टपालखर्च वेगळा असेल तर तोही तिथेच लिहावा. शेवटी वाढवून सांगितला की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखे वाटते.

चौथा प्रश्न एका तरुण मुलीने विचारला. ती साड्या विकते. "काका, 'फक्त आजच', 'शेवटचे दोनच नग' असं लिहिलं की लोक पटकन घेतात. लिहू का?" मी विचारले, "दोनच उरलेत का?" ती हसली. म्हटले, दोनच उरले असतील तर जरूर लिही. खोटी घाई लावणे ही फसवणूक आहे, आणि 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने अशा तेरा फसव्या पद्धतींची यादी काढून त्या करू नयेत असे सांगितले आहे. खोटी घाई त्यातच आहे. तसेच स्वतःच गिऱ्हाईक बनून 'खूप छान, पुन्हा मागवणार' असे अभिप्राय लिहायचे नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याला त्याची मनाई आहे. त्यापेक्षा खऱ्या गिऱ्हाइकाला विचारावे, "ताई, तुमचे हे वाक्य टाकले तर चालेल का?" बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात.

पाचवा प्रश्न हल्लीचा आहे. मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती मजकूर लिहून देते, मग आपण कशाला डोके शिणवायचे? आम्हीही करून पाहिले. माझ्या मुलीने तिला 'सोलापुरी शेंगा चटणीची जाहिरात लिही' म्हटले. क्षणात दहा ओळी आल्या, शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरे होते. त्यात लिहिले होते, आजीच्या गुप्त कृतीने, मातीच्या चुलीवर, सेंद्रिय शेंगदाण्यांपासून. गटातल्या मावशींनी ते ऐकले आणि विचारले, "ह्या बाईनं आपलं घर बघितलंय का?" चूल नाही, गॅस आहे. शेंगदाणे बाजारातून येतात, सेंद्रियचे कुठलेही प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. कृती तर साऱ्या सोलापूरला माहीत आहे. यंत्राला आपल्या घरचे काही माहीत नसते, म्हणून ते जगाचे ऐकलेले लिहिते. त्याला आपल्या वहीतले प्रश्न आणि आपली खरी उत्तरे दिली, तर ते नीट मांडून देते. पण प्रत्येक ओळ खरी आहे का, हे आपणच बघायचे. खाली नाव आपले असते.

आणि या नावाशीच आमची गाडी अडली.

पाकिटबंद वस्तूंसाठी वैध मापनाचे 2011 चे नियम आहेत. पाकिटावर तयार करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, किंमत, तारीख हे सगळे लागते. 1 जानेवारी 2018 पासून मोबाईलवरच्या विक्रीच्या पानावरही यातली बहुतेक माहिती दाखवावी लागते. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांकही हवा. आमच्या गटाने 2022 साली ती नोंदणी केली, वहिनींच्या नावाने. मी सगळे कागद जमवले आणि बैठकीत सांगितले, "आता पाकिटावर वहिनींचे पूर्ण नाव आणि वस्तीचा पत्ता छापायचा."

सगळ्या गप्प झाल्या.

का, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. वहिनींचे आडनाव ऐकले की आमच्याकडे लगेच कळते. आणि आमच्या वस्तीच्या नावातच बाबासाहेब आहेत. त्याआधी एका प्रदर्शनात असे झाले होते, की एका बाईंनी आमची चटणी चाखली, वा वा केली, चार पाकिटे हातात घेतली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "तुम्ही राहता कुठे?" वहिनींनी सांगितले. बाईंनी चारही पाकिटे अलगद जागेवर ठेवली आणि 'फिरून येते' म्हणून गेल्या. फिरून आल्या नाहीत. वहिनी त्या दिवशी काही बोलल्या नव्हत्या. पण बैठकीत म्हणाल्या, "दादा, साबण असता तर टाकलं असतं. ही खायची वस्तू हाय. आपलं नाव वाचून कोण खाईल?"

त्याच सुमारास एका व्यापाऱ्याने गटाला सुचवले होते, "माल तुमचा, नाव आणि पत्ता माझ्या दुकानाचा. वर 'सोवळ्यातील घरगुती' असं छापू. दुप्पट खपेल. मला दहा टक्के द्या." आणि मी, चौदा एप्रिलला मंचावर उभा राहून स्वाभिमानावर बोलणारा मी, त्या बैठकीत म्हणालो, "धंदा वेगळा आणि चळवळ वेगळी. दहा घरे चालायची आहेत. विचार करायला हरकत नाही."

मी हे पोटाकडे बघून बोललो होतो, असे अजूनही मला वाटते. पण तेवढ्यात मावशी बोलल्या. मावशी साठीच्या पुढच्या. बैठकीत सहसा तोंड उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी सात वर्सं एका घरी पोळ्या लाटल्या. नाव दुसरं सांगितलं व्हतं. त्या घरातली सगळी माज्या हातचं जेवली, लेकराचं उष्टावण माज्या हातच्या भातानं झालं. मग कुणीतरी सांगितलं. त्याच दिवशी काढलं, पगार दिला न्हाई, वर भांडी घासून घेतली. तवा पोटासाठी नाव लपवलं, मला त्याची लाज न्हाई. पण तवा घर दुसऱ्याचं व्हतं. आता भांडं माजं, चूल माजी, पाकीट माजं. त्याच्यावर बी नाव लपवू का? मग गट कशाला काढला?"

त्यावर कुणी काही बोलले नाही. मला तर मान वर करवेना. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "छापा दादा. माझं नाव छापा, ठळक छापा."

छापले. मोबाईलवरही टाकले. मग काय झाले, तेही खरे सांगतो. फार मोठा विजय झाला असे लिहिले तर ती पुन्हा 'रामबाण' जाहिरात होईल. चार नेहमीची गिऱ्हाइके मागवायची बंद झाली. का बंद झाली ते त्यांनी सांगितले नाही. त्याच महिन्यात शेंगदाणे महागले म्हणून आम्ही भावही वाढवला होता, तेही कारण असेल. पण नवी गिऱ्हाइके येत राहिली. पत्ता वाचून मुद्दाम मागवणारी आपली माणसे आली, तशी पत्ता वाचूनही काही फरक न पडणारी इतर समाजाची माणसेही आली. पुण्याच्या एक बाई दर महिन्याला दोन किलो मागवतात. त्यांनी एकदा फोनवर वहिनींना सांगितले, "तुमचा पत्ता आणि फोन दोन्ही लिहिलेले असते, म्हणून विश्वास वाटतो. दुसरीकडे तक्रार कुणाकडे करायची तेच कळत नाही." नाव लपवले असते तर हे गिऱ्हाईक मिळाले नसते, हे माझ्या वहीत जमेच्या बाजूला लिहिले आहे.

1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. आपली वस्तू, आपला शब्द लोकांपुढे ठेवायला तेव्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. आज सातवी शिकलेल्या वहिनी स्वतःच्या मोबाईलवर स्वतःची जाहिरात स्वतः लिहितात, तिला मध्ये कुणी अडवत नाही. अडवणारे कुणी नाही म्हणून खोटे लिहायचे, की लपून लिहायचे, हे मात्र आता आपल्यावर आहे.

आमचा सध्याचा मजकूर खाली देतो. तसाच्या तसा उचलू नका, तुमच्या वस्तूचे प्रश्न वेगळे असतील. पण चौकट उपयोगी पडेल.

"सोलापुरी शेंगा चटणी. 250 ग्रॅम, 120 रुपये. टपालखर्च वेगळा, गावाप्रमाणे आधी सांगू. उखळात कुटलेली, त्यामुळे शेंगदाण्याचे तेल सुटते. वरून तेल घालत नाही. तिखट आहे. लहान मुलांना दह्यात कालवून द्या. घटक: भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे, मीठ. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये. कोरड्या डब्यात महिनाभर टिकते, ओला चमचा घालू नका. पाकीट फुटून आले तर उघडण्याआधी फोटो पाठवा, दुसरे पाठवू किंवा पैसे परत करू. आमच्या गटातील दहा जणी हाताने करतात." त्याखाली वहिनींचे पूर्ण नाव, वस्तीचा पूर्ण पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक.

यात एकही मोठा शब्द नाही. प्रत्येक ओळ कुणीतरी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'वरून तेल घालत नाही' ही ओळ एका मुंबईच्या गृहस्थांमुळे आली, 'ओला चमचा' ही एका तक्रारीमुळे. वजन 250 ग्रॅम म्हणजे पाकिटाशिवाय 250. सुरुवातीला आम्ही पाकिटासकट तोलत होतो, ती चूक मावशींनी पकडली.

जवसाची चटणी अजूनही विकतो. तिच्याखाली घटक लिहितो, चव लिहितो, आणि शेवटी एक ओळ: "ही चटणी आहे, औषध नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करा." मुलगी म्हणाली, "पप्पा, अशाने खप कमी होईल." थोडा कमी झालाही. पण लातूरच्या त्या आईंच्या मुलाने मागच्या दिवाळीत फोन करून अर्धा किलो शेंगा चटणी मागवली. मी ओळखले, त्यानेही ओळखले. दोघांनीही जुने काही काढले नाही. फक्त फोन ठेवताना तो म्हणाला, "आईला तिखट चालतं, जरा जास्तच टाका."

येत्या रविवारी शेजारच्या वस्तीतील गोधड्या शिवणाऱ्या भगिनी विहारात येणार आहेत. त्यांचाही तोच प्रश्न आहे, जाहिरातीत काय लिहायचे. मी त्यांना निरोप पाठवला आहे, की येताना गोधडीचा फोटो नसला तरी चालेल, पण गिऱ्हाईक काय काय विचारते ते वहीत लिहून आणा.